केंद्र म्हणजे मुळात पराणीचं टोक

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वाद पेटला, नवीन बोर्डावर 'कम्युनिटी सेंटर' लिहायचं की 'समाज केंद्र'. मी केंद्रच्या बाजूचा, अजूनही आहे. पण एका काकांनी कारण दिलं की सेंटर परकीय आणि केंद्र आपला शुद्ध संस्कृत शब्द, आणि तिथे मी अडलो. कारण केंद्र हा ग्रीक शब्द आहे हो! मूळ शब्द केन्ट्रॉन. तो पश्चिमेला गेला तेव्हा लॅटिनमध्ये सेंट्रम झाला, मग फ्रेंचमधून इंग्रजीत सेंटर, आणि पूर्वेला आला तो संस्कृतात केंद्र झाला. म्हणजे आम्ही ग्रुपवर दोन सख्ख्या भावांची भांडणं लावत होतो.

आणि याचा मूळ अर्थ 'मध्य' नाहीच. केन्ट्रॉन म्हणजे टोचणारं टोक. बैलाला हाकायची पराणी असते ना, बांबूच्या काठीला पुढे लोखंडी आर बसवलेली, गावाकडे आजोबांच्या गोठ्यात भिंतीला टेकवलेली असायची, तीच ती. ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाटकात तिठ्यावर रथातला म्हातारा राजा लायस वाटेतल्या ईडिपसच्या डोक्यात दोन टोकांचं केन्ट्रॉन हाणतो आणि ईडिपस चिडून त्याला मारून टाकतो, आपला बाप आहे हे माहीत नसताना. ॲरिस्टॉटल हाच शब्द मधमाशीच्या नांगीला वापरतो. आजच्या ग्रीकमध्येही नांगीला केन्ट्री म्हणतात आणि भरतकामाला केन्टिमा, म्हणजे सुईने टोचटोचून केलेलं काम. मला हे फार सुंदर वाटतं.

मग मध्य कुठून आला? कंपासपेटी आठवा. कर्कटकाचं एक टोक कागदात रोवायचं आणि दुसरं फिरवायचं. जिथे टोचलं ते केन्ट्रॉन. इसवी सनापूर्वी 300च्या आसपास ग्रीक गणिती युक्लिड भूमितीच्या व्याख्या लिहितो तेव्हा वर्तुळाच्या मध्यबिंदूला हाच शब्द पक्का झालेला दिसतो. प्रत्येक पोराच्या वहीत ते बारीक भोक असतंच, शब्दाचा अख्खा इतिहास त्या भोकात आहे.

आपल्याकडे शब्द आला तो ज्योतिषाचं बोट धरून. कुंडलीतली 1, 4, 7, 10 ही स्थानं म्हणजे केंद्र, 'गुरू केंद्रात आहे' हे आपण सहज म्हणतो. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर त्याच्या बृहज्जातक ग्रंथात या स्थानांची तीन नावं देतो, कंटक, केंद्र आणि चतुष्टय. कंटक म्हणजे काटा!! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर शहारा आला होता, कारण केन्ट्रॉन म्हणजे टोचणारं टोक आणि त्याच्याच शेजारी काटा बसलेला. कुणीतरी ग्रीक शब्दाचा अर्थ ओळखून हे नाव ठेवलं असावं असं मला मनापासून वाटतं. आणि केंद्र एकटा नाही आला, होरा हा ग्रीक होरा म्हणजे तास, सप्तम स्थानाला जामित्र म्हणतात तो डायमेट्रॉस म्हणजे व्यास, आणि सुरुंग हा सिरिंक्स म्हणजे पोकळ नळी, असं अभ्यासक सांगतात.

याच वराहमिहिराने बृहत्संहितेत म्हटलंय की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी हे ज्योतिषाचं शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून ऋषींसारखा त्यांचाही मान होतो. बघा, म्लेच्छ पण म्हणतोय आणि मानही देतोय, शब्द कुठून आला हे लपवायची गरज त्याला वाटली नाही. आज आपल्यालाच का वाटते कळत नाही. मराठी वापरायला शब्द शुद्ध असावा लागतो का? तो आपल्या तोंडात रुळलाय, आरोग्य केंद्र, परीक्षा केंद्र, केंद्र सरकार, केंद्रप्रमुख, इतकं पुरे आहे की. 'सेंटर परकीय म्हणून नको' म्हणालात तर केंद्रही जाईल, होराही जाईल आणि सुरुंगही.

काकांना हे सगळं ग्रुपवर लिहून पाठवलंय. आणि शेवटी हेही लिहिलंय की बोर्ड 'समाज केंद्र'च करा, कारण आमच्या इमारतीतल्या आज्जींना तोच वाचता येतो.