मतदाराचे हात खरोखरच स्वच्छ असतात का?

कायदे लोकप्रतिनिधी करतात, शिक्षा न्यायाधीश देतात आणि तुरुंग प्रशासन चालवते, तेव्हा लाखो माणसे गजाआड गेल्याचा जाब सामान्य मतदाराला विचारणे अन्यायाचे आहे, असे अमेरिकेतील तुरुंगांविषयी बोलताना हमखास सांगितले जाते. तेथील राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांत १९७२ मध्ये सुमारे २ लाख कैदी होते. २००९ पर्यंत ही संख्या १६ लाखांच्या घरात गेली. या काळात निवडणुका नियमितपणे होत होत्या, म्हणून हा दावा मला मान्य नाही.

कायदे केवळ प्रतिनिधी करतात, हे मुळातच अपुरे आहे. कॅलिफोर्नियात ‘थ्री स्ट्राइक्स’ कायदा, म्हणजे तिसऱ्या गुन्ह्याला जबर शिक्षा देणारा कायदा, विधिमंडळाने मार्च १९९४ मध्ये केला आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदारांनी स्वतः मतपत्रिकेवर कौल देऊन त्यावर शिक्कामोर्तब केले. शिवाय खटले भरणारा जिल्हा सरकारी वकीलही बहुतेक राज्यांत लोकांनीच निवडलेला असतो.

‘परिणाम ठाऊक नव्हते’ ही सबब १९९४ पुरती काही अंशी समजून घेता येईल. आदल्या वर्षी, आधी शिक्षा भोगून सुटलेल्या एका गुन्हेगाराने बारा वर्षांच्या मुलीचे अपहरण करून तिचा खून केला होता. लोकांची भीती आणि दुःख खरे होते, ते मी नाकारत नाही. परंतु पूर्वीचे दोन गुन्हे गंभीर किंवा हिंसक असले, की तिसरा गुन्हा तसा नसला तरी किमान २५ वर्षे ते जन्मठेप होऊ शकेल, असा कायदा होता. मार्च २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा दोन शिक्षा पाच विरुद्ध चार मतांनी कायम ठेवल्या. एकाने प्रत्येकी ३९९ डॉलरच्या तीन गोल्फच्या काठ्या चोरल्या होत्या; त्याला किमान २५ वर्षे. दुसऱ्याने दोन वेळा मिळून सुमारे १५० डॉलरच्या नऊ व्हिडिओ कॅसेट उचलल्या होत्या; त्याला किमान ५० वर्षे. हे सारे जगजाहीर असताना, नोव्हेंबर २००४ मध्ये ही शिक्षा प्रामुख्याने गंभीर आणि हिंसक गुन्ह्यांपुरती ठेवण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि सुमारे ५३ टक्के मतांनी फेटाळला गेला. या मतदानाला अज्ञानाचा आडोसा मिळत नाही.

‘माझ्या एका मताने काय बदलते?’ हा प्रश्न विचारणारे २०१२ विसरतात. त्या वर्षी तसाच प्रस्ताव सुमारे ६९ टक्के मतांनी मंजूर झाला, आणि किरकोळ तिसऱ्या गुन्ह्यासाठी डांबलेले एक हजाराहून अधिक कैदी घरी गेले. त्यांच्या सुटकेचे श्रेय मतदारांना द्यायचे, तर या कैद्यांनी आत काढलेल्या वर्षांचा हिशेबही मतदारांनाच द्यावा लागेल. प्रत्येकाचा वाटा लहान असतो, पण लहान म्हणजे शून्य नव्हे.

राहिला विरोधात मत दिलेल्यांचा मुद्दा. सगळे सारखेच दोषी, असे म्हणणेही चूक आहे. दोष कृतीचा असतो, तर उत्तरदायित्व सहभागाचे असते; विरोधी मत देणारा पहिल्यातून सुटतो, पण कायदा त्याच्याही नावाने आणि त्याच्याही करातून राबवला जातो, त्यामुळे तो बदलण्याची जबाबदारी त्याच्यावर उरतेच. ज्यांना मतच नाही, त्यांना मात्र यात ओढू नये. गंभीर गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्यांना तुरुंगातून मतदान करू देणारी मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्ये आहेत. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२४ मध्ये कैद्यांकडून सक्तीने काम करून घेण्यावर बंदी घालावी का, हे मतदारांना विचारण्यात आले. बहुमताने नकार दिला, आणि ज्यांना दुसऱ्या दिवशीही त्याच कामावर जायचे होते, त्या तुरुंगातल्या कैद्यांना त्यावर मत देता आले नाही.