नोटीस आली तर उत्तर देऊ नका म्हणे!

एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. महापालिकेचे उपविधी (म्हणजे महापालिकेने स्वतः केलेले नियम) म्हणजे कायदा नव्हेच, कायदा फक्त संसद करते, 1888 चा मुंबई महानगरपालिका कायदा इंग्रजांचा म्हणून बाद, कोर्टात यातलं काही टिकत नाही, तेव्हा नोटीस आली तर उत्तरच देऊ नका. काल तो आमच्या मामांनी मला पाठवला, वर "बघ, टेन्शन गेलं" असं लिहून. मामांच्या लालबागच्या खोलीतल्या पोटमाळ्याला कलम 351 ची, म्हणजे विनापरवाना बांधकामाची, नोटीस आलीय हो, म्हणून हे टाइप करतोय.

इंग्रजांचा म्हणून बाद? मग 1860 ची आयपीसी, म्हणजे भारतीय दंड संहिता, जून 2024 पर्यंत कशी चालली? संविधानाचं अनुच्छेद 372 वाचा, जुने कायदे रद्द होईपर्यंत चालू राहतात. संपला विषय.

उपविधी कायदा नाही म्हणणाऱ्यांनी अनुच्छेद 13(3) उघडावं. तिथे 'कायदा' यात आदेश, नियम, अधिसूचना यांच्या रांगेत उपविधी चक्क नाव घेऊन बसलाय. ती व्याख्या त्या अनुच्छेदापुरती आहे, मान्य, पण ज्याला कायद्याचं बळ नाही त्याला तिथे कोण घालेल? महापालिका उपविधी करते ते त्याच 1888 च्या कायद्याच्या कलम 461 खाली, त्याला राज्य सरकारची मंजुरी लागते, मग ते राजपत्रात (सरकारी गॅझेटमध्ये) येतात. थुंकल्यावर दंड घेणारे 2006 चे स्वच्छता उपविधी याच वाटेने आले.

एक अर्धसत्य आहे, तेही नाइलाजाने सांगतो. मूळ कायद्याच्या बाहेर जाणारा उपविधी कोर्ट उडवू शकतं, आणि बाजारातल्या पुस्तकात छापलंय म्हणून तेच अखेरचं नसतं, वाद झाला की राजपत्र बघतात. पण उडवायचं काम कोर्टाचं, तुम्ही घरी बसून नाही उडवू शकत.

आणि खरा घातक भाग हा की 351 हा उपविधी नाहीच मुळी! ते थेट 1888 च्या अधिनियमातलं कलम आहे, विनापरवाना बांधकामाबद्दलचं. मुदतीत समाधानकारक कारण दाखवलं नाही तर महापालिका बांधकाम पाडू शकते, वर पाडायचा खर्चही तुमच्याकडूनच वसूल. मेसेज लिहिणारा तेव्हा हातोडा धरायला येणार आहे का?

मामा, पोटमाळा 17 एप्रिल 1964 च्या आधीचा असेल (त्याआधीची राहती बांधकामं महापालिका चालवून घेते) तर जुना असेसमेंटचा, म्हणजे मालमत्ता कराचा, उतारा, भाडेपावती, लाइट बिल जे सापडेल ते काढा, मुदतीत लेखी उत्तर द्या आणि आपल्या कॉपीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.