फळ्या, खिळे आणि दुधी भोपळा

पैगंबरांच्या गोष्टींवर मुलांकडून काही करून घ्यायचं म्हटलं, की पहिल्या पानावरच गाडी अडते. आमच्यात पैगंबरांचं चित्र काढत नाहीत. म्हणजे गोष्ट ज्यांची, ते सोडून बाकी सगळं काढायचं. मग उरतं काय? होडी, मासा, विहीर, काठी, सांडणी, मुंग्या. ऐकायला सुटसुटीत वाटतं. पण ही सगळी मंडळी वन बीएचकेत राहायला आली, की घरातल्या माणसांनाच जागा उरत नाही.

अरबी वाचायला मुलं मक्तबमध्ये जातात. सुट्टीत गोष्टी मात्र घरीच करू या, असं मी हौसेने जाहीर केलं. कुरआनात 25 पैगंबरांची नावं आली आहेत. थोरलीने त्यांचा तक्ता करून फ्रिजवर लावला. तो बघून धाकट्याने विचारलं, "म्हणजे पंचवीस होड्या करायच्या?"

होडी एकच, महापुरातली, हजरत नूह अलैहिस्सलामची. वॉशिंग मशीनचा खोका होताच. मी ग्लू गन तापवून बसले, तर थोरलीने हात धरला. "अम्मी, होडी फळ्यांची आणि खिळ्यांची होती. गोंदाची नव्हती." कुरआनातल्या सूरह कमर या अध्यायात खरंच तसं आहे, तेव्हा मला बोलायला जागा उरली नाही. मग पुठ्ठ्यात खिळे. ते एका बाजूने आत गेले आणि दुसऱ्या बाजूने सोफ्यात.

तेवढ्यात सासरे आले. ते कोकणातले. अख्खी नोकरी जहाजावर काढून सारंग म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावला, खोक्याभोवती एक फेरी मारली.

"नाळ कुठली यातली?"

"अब्बा, ती अजून ठरायचीय."

"सुकाणू? नांगर? आणि ही खिळ्यांची भोकं बुजवणार कोण? पाणी शिरेल."

"अब्बा, पुठ्ठा आहे तो."

"म्हणून तर विचारतोय."

त्यांनी स्वतः बसून मेणबत्तीने सगळी भोकं बुजवली. त्या खोक्यात आता ग्रँटरोडपर्यंत जायची ताकद आहे, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

जनावरांच्या जोड्या जमवायच्या होत्या. घरात खेळण्यातला वाघ एक, हत्ती एक, सोंड तुटलेला. जोडी फक्त डायनासोरची. ते होडीत जातात की राहतात यावर भावंडांत हातघाई झाली, आणि शेवटी "दोन आहेत, म्हणजे जातात" असा निकाल लागला. ट्यूबलाइटमागच्या दोन पालींना बोलावणं गेलं, पण त्या आल्या नाहीत. न ऐकणारे सगळ्या काळात असतात.

तेही मुलीने लक्षात ठेवलंय. "दात घासा, दात घासा" म्हणून माझा आवाज चढला की ती शांतपणे म्हणते, "हजरत नूहनी साडेनऊशे वर्षं समजावलं, अम्मी. तू तर आत्ता सुरुवात केलीयस."

शेजारच्या काकू होडी बघायला आल्या. कौतुक केलं, मग वाकून आत बघितलं. "आणि रे, तुमचे ते पैगंबर कुठायत?"

"आत आहेत," धाकटा म्हणाला. "बाहेर पाऊस आहे ना."

काकूंच्या नातवाने मात्र नवीच अडचण आणली. त्यांच्या गोष्टीत मनूची होडी मासा ओढतो, दोर शिंगाला बांधून. आमच्याकडे माशाने गिळलेल्या हजरत यूनुस अलैहिस्सलामसाठी जुन्या निळ्या चादरीचा मासा शिवून तयारच होता. मी भाजी फोडणीला टाकून येईपर्यंत तो होडीला बांधलेला. हा मासा दुसऱ्या गोष्टीतला आहे, असं मी सांगितलं, तर उत्तर मिळालं, "त्याचा नंबर येईपर्यंत तो रिकामाच बसलाय ना?"

त्या महापुराची, म्हणजे तुफानाची, खूण म्हणून भट्टीतून पाणी उसळलं होतं, हे सांगायला मी विसरले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी गॅसवर दूध उतू गेलं. "आलं! आलं!" करत दोघं पळाली. मला वाटलं, गॅस बंद करायला. छे! चपलांच्या जोड्या होडीत भरायला.

माशाच्या पोटातून सुटल्यावर हजरत यूनुसवर सावलीसाठी वेल उगवला होता. तो दुधीचा, असं आमच्यात सांगतात. म्हणून बाल्कनीत बादलीत दुधी लावला. वेल आला, कपड्यांच्या दोरीवर चढला, आणि देवाच्या कृपेने त्याला एक दुधी धरला. मी त्याची भाजी केली. धाकट्याने ताट सारलं. "दुधी सावलीसाठी होता. खायचा असं कुठं लिहिलंय?"

सासऱ्यांनी इथे हुकमाचं पान काढलं. पैगंबरांचे सोबती हजरत अनस यांची हदीस, म्हणजे सांगितलेली आठवण, आहे: रसूलुल्लाह, म्हणजे मुहम्मद पैगंबर, ताटातल्या दुधीच्या फोडी शोधशोधून खायचे. त्यांची रीत ती सुन्नत. धाकट्याने विचार केला, त्याच आवडीने शोधशोधून फोडी काढल्या आणि आजोबांच्या ताटात ठेवल्या. "सुन्नत आहे, तुम्ही खा."

सध्या हजरत सुलेमान अलैहिस्सलाम चालू आहेत. लष्कर येताना बघून एका मुंगीने बाकीच्यांना सावध केलं होतं, की बायांनो, घरात शिरा, नाहीतर नकळत चिरडल्या जाल. त्यामुळे आता मला ओट्यावर सरळ फडकं मारता येत नाही. आधी धाकटा स्टुलावर चढून साखरेच्या डब्यापाशी घोषणा करतो, मुंग्यांना आवरायला वेळ देतो, मग मला परवानगी. मुंग्यांना ही सोय फार मानवली आहे. नातेवाईकही बोलावलेत त्यांनी.

पुढचा नंबर हजरत मूसा अलैहिस्सलामचा. काठी म्हणून सासऱ्यांची काठी आधीच पळवली गेलीय, आणि समुद्र दुभंगायला माझ्या दोन निळ्या ओढण्या. थोरलीने इजिप्तच्या राजावर, फिरऔनवर, आलेल्या संकटांची यादी काढली: तुफान, टोळ, उवा, बेडूक, रक्त. काय काय घरात आहे यावर तिने खुणा केल्या. तुफानाला होडीवाला खोका चालेल. रक्ताला बीट. बेडूक पावसाळ्यात जिन्याखाली येतातच.

"आणि उवा?" मी घाबरत विचारलं.

"जूनमध्ये शाळा सुरू होऊ दे, अम्मी. आणते."