टोमॅटोत शिजवल्याने अंड्यातली प्रथिनं मरत नाहीत

'टोमॅटोच्या रश्शात अंडी शिजवून खाऊ नका' असा मेसेज बरेच जण पुढे पाठवताहेत. रोख आहे शकशुकावर, म्हणजे कांदा, ढोबळी मिरची, लसूण, जिरं आणि तिखट घालून आटवलेल्या टोमॅटोत अंडी फोडून केलेल्या नाश्त्यावर. म्हणणं असं, की टोमॅटोच्या आम्लाने प्रथिनं मरतात, शिजलेल्या टोमॅटोत सत्त्व उरत नाही, अंडं कच्चं राहतं, पित्त होतं आणि मुळात हे हॉटेलांनी काढलेलं फॅड आहे. असल्या भीतीपोटी कुणी चांगला नाश्ता सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

फॅडचं आधी. ट्युनिशिया, लिबिया, अल्जीरिया इथल्या घरांतला हा रोजचा पदार्थ आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला उत्तर आफ्रिकेतून गेलेल्या ज्यू कुटुंबांनी तो इस्रायलमध्ये नेला. हॉटेलांत तो पोचला त्यानंतर.

सत्त्वाबद्दल मेसेज अर्धाच खरा आहे. उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं, हे मान्य. पण टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन तेलात शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं.

आता प्रथिनं. ती जिवंत नसतात, मग मरतील कशी? आम्ल किंवा उष्णता लागली की त्यांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांत गुंततात. अंड्याचा पारदर्शक भाग पांढरा आणि घट्ट होतो, तो यामुळेच. त्यातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक, कुठे जात नाहीत. उकळत्या पाण्यात अंडं सोडताना व्हिनेगर घालतात तेही याचसाठी, आम्लाने पांढरा भाग लवकर आवळून येतो. शिवाय जठरातलं आम्ल टोमॅटोपेक्षा कितीतरी तीव्र असतं. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली कच्च्या आणि शिजवलेल्या अंड्यांची तुलना केली, तेव्हा शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचली, कच्च्यातली ५१ टक्के. अभ्यास पाचच जणांवरचा, छोटा होता. पण शिजवल्याने प्रथिनं वाया जातात या समजाच्या तो नेमका उलट आहे.

पित्ताचा त्रास असलेल्यांना टोमॅटो आणि तिखट बाधू शकतं. त्यांनी जपावं. सगळ्यांना तो नियम लावायचं कारण नाही.

कच्चं राहण्याची तक्रार मात्र खरी आहे, फक्त तो दोष करण्याच्या पद्धतीचा. बलक ६५ अंशांच्या आसपास दाटू लागतो आणि ७० पर्यंत घट्ट होतो. पांढरा भाग पुरता आवळायला ८० च्या आसपास जावं लागतं. त्यात रश्शाची आच खालून येते, म्हणून बलकाभोवतीचा वरचा थर बुळबुळीत राहतो. रस्सा आधी चांगला आटवा, इतका की चमचा फिरवल्यावर पॅनचा तळ क्षणभर दिसावा. मग खळगे करून अंडी सोडा, चमच्याच्या टोकाने पांढरा भाग हलकेच रश्शात पसरवा, बलकाला हात लावू नका. आच मंद करून झाकण ठेवा, म्हणजे वरून वाफ लागते. पॅन हलवल्यावर पांढरा भाग डुचमळायचा थांबला की उतरवा. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांसाठी बलकही घट्ट होऊ द्या, कारण साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा धोका पातळ बलकात उरतो.