‘आम्हाला कुठे काय झालं?’ : गॅरेजच्या एका मेसेजला उत्तर

गॅरेजवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ‘जुन्या मिस्त्रींनी जॅकवर गाडी ठेवून खाली कामं केली, अर्ध्या शटरमध्ये इंजिनं चालवली, पेट्रोलने हात धुतले, ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवा मारून उडवली. त्यांना काही झालं नाही. स्टँड, गॉगल, हातमोजे ही नवी थेरं आहेत, त्यांनी फक्त काम रखडतं.’ लिहिणारा कामातला माणूस आहे हे वाक्यावाक्यात कळतं, म्हणूनच उत्तर देतोय.

‘चांगला जॅक दगा देत नाही.’ हायड्रॉलिक जॅक गाडी तोलतो ती तेलाच्या दाबावर, आणि ते तेल अडवून धरतं एक छोटं सील. जॅक कितीही भारी घ्या, सील झिजतंच. ते कधी सुटेल हे बाहेरून दिसत नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी स्टँड. विटांचा थर म्हणजे स्टँड नव्हे. वीट वाकून इशारा देत नाही, थेट फुटते.

‘अर्धं शटर उघडं असलं की धूर जातो, कोंडला तर वास येतोच.’ अख्ख्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. धुराला वास असतो, पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरून ठेवतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो पित्त झालं असेल. पुढे विचारच मंदावतो. बाहेर जायला हवं हे ज्या डोक्याला सुचायचं, तेच आधी बसतं. मोकळ्या हवेत आल्यावरही रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास जातात. गार इंजिन सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटं तर आणखी वाईट, कारण तेव्हा मिश्रणात पेट्रोल जास्त असतं आणि सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला नसतो. सायलेन्सरला पाइप जोडून तो बाहेर काढा, नाहीतर गाडीच ढकलून बाहेर न्या.

पेट्रोलने हात धुणं मीही वर्षानुवर्षं केलंय. हात फुटायचे, खापर साबणावर. पेट्रोल कातडीचा तेलकटपणा ओढून नेतं आणि भेगा पडतात; त्यात बेंझिन असतं, ज्याचा रक्ताच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे. शिवाय उणे ४० अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि आपण ते उघड्या डब्यात ओतून ठेवतो, चार हातांवर ग्राइंडर चालू असताना.

आता ‘त्यांना काही झालं नाही’ याबद्दल. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने दाखवून दिलं की लहानपणी धुराडी साफ करणाऱ्यांना पुढे होणारा कर्करोग काजळीमुळे होतो. मधे वर्षांमागून वर्षं गेलेली असत. काजळीत जी घातक द्रव्यं असतात, त्याच जातीची जळक्या इंजिन ऑइलमध्ये साठत जातात. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमधल्या (ड्रमला घासणाऱ्या अस्तरातल्या) ॲस्बेस्टॉस या खनिज तंतूचं तेच: धूळ आज आत जाते, आजार वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी उगवतो. तोवर मिस्त्री काम सोडून घरी बसलेला असतो, आणि खोकला वयाच्या नाहीतर विडीच्या नावावर जमा होतो. मेसेजला ‘आम्ही ठणठणीत’ असं उत्तर फक्त ठणठणीत असलेलेच देणार, हेही आलंच. लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, तेव्हा हवा मारूच नका. ड्रम ओला करून पुसा.

एक मुद्दा मात्र मान्य. ‘ड्रिलवर हातमोजे धोक्याचे’ असं मेसेजमध्ये म्हटलंय, ते खरं आहे. फिरत्या ड्रिलमध्ये किंवा पट्ट्यात मोजा अडकला की हात आत ओढला जातो. म्हणून तिथे मोजे काढायचे, ऑइल बदलताना घालायचे. गॉगल कशातच अडकत नाही, त्याला काय सबब आहे?

मेसेजमध्ये नसलेली पण सर्रास दिसणारी आणखी एक सवय म्हणजे चालू इंजिनात डिझेलची गळती बोटाने चाचपणं. मोटारीच्या टायरमध्ये २ ते २.५ बार दाब असतो. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे आजच्या डिझेल इंजिनात, डिझेलचा दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत जातो. गळतीतून सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत घुसते. बाहेर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, आणि आत डिझेल बोटभर पसरत जातं. गळतीचा संशय आला तर इंजिन बंद करा, दाब उतरू द्या, मग बघा. आणि कधी टोचलंच तर पट्टी लावून कामाला लागू नका. तडक इस्पितळात जा आणि ‘जोराच्या दाबाने डिझेल आत गेलंय’ हे याच शब्दांत डॉक्टरांना सांगा. नुसतं ‘टोचलंय’ म्हणालात तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील, आणि बोट वाचवायला लागणारी शस्त्रक्रिया लांबेल.