मांजर सोफा ओरबाडते म्हणजे सूड घेते? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

इंदूरच्या मराठी ग्रुपांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय, आधी रामबागेतल्या मावशींकडून आला, मग सुदामा नगरच्या वहिनींकडून, आणि आता आमच्या सोसायटीतही पोचला. म्हणणं असं की मांजर सोफा ओरबाडते ती रागाने, घरातल्या मांजरीला नखांची गरजच नसते, सोफ्यावर मिरचीपूड नाहीतर निलगिरी तेल लावा, पाण्याचा फवारा मारा, स्क्रॅचिंग पोस्टवर (मांजरीने ओरबाडावं म्हणून घरात ठेवतात तो खांब) पैसे घालवू नका, मांजर ते वापरतच नाही, आणि एवढं करूनही ऐकलं नाही तर "छोटंसं ऑपरेशन" करून नखं कायमची काढून टाका, म्हणजे रेबीजचीही भीती नाही. लोक हे खरं मानून पुढे पाठवतायत म्हणून एवढं लिहिते आहे.

पहिलं, रागाचं. आमची चिंगी दुपारी दिवाणावरून झोपून उठली की सरळ सोफ्याच्या हातापाशी जाते, पुढचे दोन्ही पंजे उंच टेकवते, पाठ पार खाली वाकवते, बोटं फाकवते आणि चार-पाच वेळा खर्रखर्र ओढते, मग तिथेच वास घेते आणि आपल्या वाटेने जाते. यात राग कुठे दिसला? ती अंग ताणतेय, खांदे-पाठ मोकळी करतेय. शिवाय मांजरीच्या पंज्यात बोटांच्या मध्ये वासाच्या ग्रंथी असतात, तर ओरखडा आणि वास दोन्ही मिळून "ही जागा माझी" अशी खूण होते. म्हणूनच ती कोपऱ्यातल्या जुन्या खुर्चीला हात लावत नाही आणि जिथे सगळं घर बसतं तो सोफा धरते. आणि हो, दाराजवळ किंवा खिडकीपाशी अचानक ओरबाडणं वाढलं तर बाहेर एखादा बोका फिरतोय का, घरात नवीन कोणी आलंय का ते बघा, ती बेचैन असेल.

"घरातल्या मांजरीला नखांची गरज नाही." सोफा सरकवून खाली बघा, नखाच्याच आकाराची आतून पोकळ टोकदार टरफलं सापडतील. लोक घाबरतात की नख तुटलं, पण तो नखाचा जुना थर आहे, ओरबाडून तो सुटतो आणि खालचं नवीन नख मोकळं होतं. घरात राहिली म्हणून नख वाढायचं थांबत नाही ना. दोन-तीन आठवड्यांनी टोकं कापा, बोट हलकेच दाबलं की नख बाहेर येतं, फक्त पुढचा पारदर्शक भाग कापायचा, आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी आणि नस असते तिथे कात्री जाता कामा नये.

मिरची आणि निलगिरी तर कृपा करून नकोच. मांजर दिवसभर पंजे चाटते, म्हणजे जे सोफ्यावर ते तिच्या तोंडात आणि डोळ्यात. निलगिरी तेल, टी ट्री तेल, कापूर हे पचवून बाहेर टाकायची ताकद तिच्या लिव्हरमध्ये फार कमी असते, लाळ गळणं, उलट्या, तोल जाणं इथपर्यंत जातं. फवाऱ्याने ती एवढंच शिकते की तुम्ही समोर असताना ओरबाडायचं नाही.

आता स्क्रॅचिंग पोस्टचं. मांजर ते वापरत नाही कारण बहुतेक घरी आणलेलं पोस्ट फूट-दीड फुटाचं असतं, हात लावला की डुलतं आणि बाल्कनीत ठेवलेलं असतं! तिला पूर्ण ताणता यायला हवं, म्हणजे साधारण तीन फूट उंच, आणि बूड इतकं जड की हललंच नाही पाहिजे. घरीही होतं, जाड लाकडी खांबाला सुतळी घट्ट गुंडाळायची आणि खाली फरशीचा तुकडा पक्का करायचा. पायपुसणं, गालिचा ओरबाडणाऱ्या मांजरींना आडवं आवडतं, त्यांच्यासाठी छावनीतल्या धान्यवाल्याकडून बारदान आणा आणि फळीवर ताणून ठोका. ठेवायचं मात्र ती जो सोफा फाडते त्याच्या अगदी शेजारी, सोफ्याच्या त्या भागावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा जाड चादर खोचून, आणि तिने पोस्टला पंजा लावला की लगेच ट्रीट. तिचे पंजे धरून पोस्टवर घासू नका, त्याने ती तिथे फिरकायची पण नाही.

आता ते ऑपरेशन. हे वाचून माझं रक्त खवळतं. नख हाडातून उगवतं, म्हणून नुसतं नख काढताच येत नाही, बोटाचं शेवटचं पेर छाटावं लागतं. पुढच्या दोन पायांना मिळून १० बोटं, म्हणजे १० पेरं. मांजर बोटांवर चालते, तर तिची चालच बदलते, पाठ दुखू शकते, लिटरच्या, म्हणजे शी-शूच्या पेटीतल्या, वाळूत पाय दुखतो म्हणून ती पेटीबाहेर शी-शू करायला लागू शकते, आणि बचावाला नखं नाहीत म्हणून चावायला लागते. ब्रिटन आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत यावर बंदी आहे, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये घातली. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याचं अंग छाटणं गुन्हा आहे. कोणाला खात्री करायची असेल तर इंदूरजवळ महूला सरकारी व्हेटर्नरी कॉलेज आहे, जाऊन विचारा.

आणि रेबीज. तो मुख्यतः लाळेतून, चाव्यातून पसरतो, आणि नखं काढलीत तरी दात आहेतच. उपाय लसीचा आहे, पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली आणि मग डॉक्टर सांगतील तसे बूस्टर, एकही चुकवू नका. आणि मांजर कोणाचीही असो, ओरखडा आला की वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि हळद-चुना काही न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.