मोटोजीपीचा गार्ड आहे, ब्रेक लाइट कुठाय?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. गाड्यांचा कंटाळा असलेल्यांनी खुशाल पुढे सरकावं.

संध्याकाळी वाशीहून पामबीचने घरी येत होते. मोराज सर्कलच्या अलीकडे पुढे एक मुलगा, खाली स्पोर्ट बाईक. ब्रेक-क्लचचे सोनेरी शॉर्टी, म्हणजे आखूड लिव्हर, दोन्हीकडे लिव्हरपुढे वाकवलेले लिव्हर गार्ड, पायाशी लालभडक रिअरसेट, म्हणजे वर आणि मागे नेलेले फुटरेस्ट आणि पायाचे लिव्हर. सिग्नल पिवळा झाला तसा त्याने मागचा ब्रेक दाबला. गाडीचा वेग उतरला, पण मागचा दिवा ढिम्म. तो थांबतोय हे मला कळलं तेव्हा माझं पुढचं चाक त्याच्या नंबर प्लेटपासून हातभर होतं.

शेजारी जाऊन विचारलं, "दादा, ब्रेक लाइट बंद आहे का रे तुझा?" तर हसून म्हणतो, "ताई, रिअरसेट टाकला की मागचा स्विच बसत नाही. मेकॅनिकने वायर गुंडाळून वर बांधून टाकलीय. पुढच्या ब्रेकने लागतो ना!" लागतो, मान्य. पण बाबा, आत्ता तू मागचाच दाबला होतास.

आणि हे लिव्हर गार्ड! मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकलींच्या जागतिक शर्यतीत, शेजारच्या गाडीचा धक्का लागून पुढचा ब्रेक आपोआप दाबला जाऊ नये म्हणून ब्रेक लिव्हरला ते संरक्षण सक्तीचं आहे. तेही फक्त ब्रेकच्या बाजूला. याने क्लचलाही लावलंय, शोभेला. पामबीचवर याच्या हँडलला हँडल घासायला कोण येणार होतं? मागून ठोकणारी मी मात्र होते.

त्या रिअरसेटवर स्विचची स्प्रिंग अडकवायला जागा नसते, हे खरं आहे. त्यावर उपायही आहे. मागच्या मास्टर सिलिंडरला, म्हणजे ब्रेकचं ऑइल दाबणाऱ्या पंपाला, ऑइलचा पाइप जोडणारा जो बँजो बोल्ट असतो, त्याच्या जागी प्रेशर स्विच असलेला बोल्ट मिळतो. ऑइलचा दाब वाढला की दिवा लागतो. रिअरसेटच्या किमतीपुढे त्याचे पैसे किरकोळ. पण तो दिसत नाही ना, मग कोण घालतो!

माझा भाचा आठवला. जुन्या मित्रांना ही गोष्ट माहीत आहे, तरी परत सांगणार. ऐरोलीत नोकरीला लागला, पहिल्या पगारातून गाडीला लिव्हरची जोडी घेतली. दीड हजाराची. दुकानदार म्हणाला, "युनिव्हर्सल आहे, सगळ्या गाड्यांना बसतो." आम्ही दोघं आपापल्या गाड्यांवर घोडबंदरवरून परत येत होतो. गायमुखच्या पुढे ट्रॅफिकमध्ये मला जळका वास आला. वाटलं, कुणा ट्रकचा क्लच असेल. पातलीपाड्याच्या जवळ भाचा थांबला. "मावशी, गाडी ओढतच नाहीये." पुढचं चाक ढकललं तर जागचं हलेना. बाटलीतलं पाणी डिस्कवर टाकलं तर चर्र करून वाफ.

का झालं असेल सांगा बघू? लिव्हर सोडलेला असताना त्याचं टोचण, म्हणजे पिस्टनला ढकलणारं टोक, आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यात केसभर सैलपणा लागतो. पिस्टन पूर्ण मागे आला तरच ऑइल टाकीत परतण्याचं बारीक छिद्र उघडं राहतं. या सोनेरी लिव्हरचं टोचण जरासं लांब होतं, पिस्टन कायम किंचित आत दाबलेला. ब्रेक तापला, ऑइल फुगलं, परतायला वाट नाही, म्हणून पॅड आणखी आवळले. आवळले म्हणून आणखी तापले. हे असंच चालत राहिलं तर चाक जॅम होतं, आणि पुढचं चाक सत्तरच्या वेगात जॅम झालं तर काय होतं ते मला इथे लिहायचं नाहीये. भाच्याचं नशीब की घोडबंदरला ट्रॅफिक होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या ट्रॅफिकचे आभार मानले.

लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर बाहेर ओढला, पिस्टन टक्‌ करून मागे आला आणि चाक मोकळं. दोन मिनिटांचं काम. पण जुना लिव्हर बरोबर नव्हता, तो दुकानातच सोडून आला होता हा शहाणा. गाडी छोटा हत्तीत घालून नेली. ताईला आजवर सांगितलेलं नाही. ती फेसबुकवर नाही म्हणून इथे लिहितेय, कुणी चहाडी करू नका.

आता कुणीतरी म्हणणारच की मग कंपनीचंच ठेवा, बदलता कशाला. अजिबात नाही! माझ्या गाडीवर दुसरे लिव्हर आहेत आणि मी ते काढणार नाही. माझा हात लहान आहे. मूळच्या लिव्हरला माझ्या बोटांची फक्त टोकं पोचायची. बोटांच्या टोकांनी ब्रेक दाबून बघा एकदा, तेही पावसात, ग्लोव्ह घालून. जवळ-लांब करायची चकती असलेला लिव्हर लावला आणि दोन बोटं पेरापर्यंत नीट बसली. त्या दिवशी कळलं की आपले ब्रेक मुळात चांगले होते. सहा फुटी माणसाचा हात गृहीत धरून केलेली गाडी बाईला नीट हाताळता आली नाही की "लेडीज ड्रायव्हर" म्हणायचं, हे तर वेगळंच. त्यावर नंतर कधीतरी लिहीन, आज एकाच गोष्टीवर चिडायचं ठरवलंय.

शॉर्टीबद्दल एवढंच की लिव्हर आखूड म्हणजे तरफ कमी, हाताला जोर जास्त. ब्रेकला दोन बोटं पुरतात, पण केबलचा जड क्लच असेल तर कापूरबावडीपर्यंत डावा पंजा रडतो. मी क्लचला लांबच ठेवलाय. जोडी जुळत नाही, वाईट दिसतं, दिसू दे. फोल्डिंग मात्र चांगले, गाडी पडली तर लिव्हर मोडण्याऐवजी दुमडतो. कंपनीच्या बऱ्याच लिव्हरना टोकाजवळ मुद्दाम खाच असते, म्हणजे पडल्यावर टोकच तुटावं आणि उरलेल्यावर घर गाठता यावं. हा विचार कुणीतरी केलेला असतो हो. दीड हजाराच्या जोडीत तो कुणी केलेला नसतो.

रिअरसेटवर मी जरा कडक आहे. फुटरेस्ट वर आणि मागे जातात ते वळणावर गाडी खूप झुकवली की जमिनीला घासू नयेत म्हणून. टीव्हीएसने २०२१ मध्ये अपाचे आरआर ३१० ला रेस किट दिलं, त्यातही हँडल खाली आणि फुटरेस्ट वर, हाच हिशोब. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर जाणाऱ्यांनी जरूर लावावेत. पण येऊरच्या वळणावर तुमचा फुटरेस्ट घासत असेल तर प्रश्न फुटरेस्टचा नाही. गुडघे आणखी दुमडणार, वजन मनगटांवर येणार, आणि रोज ठाणे-बेलापूर रोडला तासभर असं बसायचं. उंच मुलांना तर ते खालीच हवे असतात, तरी वरचेच घेतात.

बरं, एक फायदा कबूल करते. खाचा पाडलेल्या धातूच्या फुटरेस्टवर पावसात बूट सरकत नाही, रबरावर सरकतो. बुटाचे तळवे खातो तो, पण चालेल.

काही सेटमध्ये मागच्या माणसाचे फुटरेस्टच उडवतात. केंद्रीय मोटर वाहन नियम १९८९, नियम १२३ : मागच्यासाठी पकड आणि पाय ठेवायला जागा हवीच. बेकायदा फेरफाराला २०१९ च्या दुरुस्तीपासून प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीसुद्धा आहे. पोलीस सायलेन्सर सोडून दुसरं काही बघत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण मैत्रिणीला मागे बसवून तिचे पाय हवेत लोंबकळत ठेवणाऱ्याला पोलिसाने कशाला सांगावं लागतं?

आणि जीपी शिफ्ट, म्हणजे उलटे गिअर. डावीकडे झुकल्यावर लिव्हरच्या खाली बूट घालता येत नाही, म्हणून रेसर वरचा गिअर खाली दाबून टाकतात. कारण रास्त आहे. पण घरातली दुसरी गाडी सरळ गिअरची असेल, तर घाबरल्या क्षणी पाय जुन्या सवयीनेच हलणार.

चिडून लिहायला बसले होते, आता तेवढा राग राहिला नाही. तो पामबीचवरचा मुलगा भाच्याच्याच वयाचा. पहिल्या पगाराची गाडी सजवावीशी वाटते, वाटू दे. सोनेरी काय, गुलाबी लावा. फक्त तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला घ्या. लावल्यावर लिव्हरचं टोक बोटाने हलवून बघा, पिस्टन ढकलायच्या आधी थोडी डुगडुग जाणवली पाहिजे. लिव्हर सोडल्यावर दिवा विझतोय का बघा. चार-पाच किलोमीटर चालवून स्टँडवर पुढचं चाक हाताने फिरवा. मागच्या ब्रेकच्या रॉडलाही हाच नियम, आणि त्याचा लॉकनट आवळलाय ना तेही बघा. दुकानदार "बसतो" म्हणतो तेव्हा लक्षात ठेवा, हातोडीने ठोकलं की सगळंच बसतं.

रविवारी सकाळी मी नेरुळला आमच्या बिल्डिंगखाली पाने आणि ग्रीस घेऊन असेन. ओळखीतल्या ज्याला लिव्हर तपासून घ्यायचेत त्याने यावं, पैसे नको. जुने लिव्हर घेऊन या. सोनेरी बरा की काळा असं विचारलंत, तर चहासुद्धा मिळणार नाही.